८×४२ ची दुर्बीण, चष्मा आणि येळ्ळूर रस्त्याकडचं उथळ तळं : चौदा महिन्यांनंतर

दुर्बीण घेऊन चौदा महिने झाले. एक अख्खा पावसाळा, एक थंडी, एक उन्हाळा आणि आता दुसऱ्या पावसाची सुरुवात, एवढं तिनं माझ्या गळ्यात काढलं. आठ दिवस वापरून लिहिलेले अभिप्राय वाचून मी आधी एकदा फसलोय, म्हणून लिहायला एवढा थांबलो.

दुर्बीण कुणाच्या डोळ्याला लागणार यावर सगळं असतं, त्यामुळं आधी माझं सांगतो. मी बेळगावात वडगावला राहतो. वय अठ्ठावन्न. एकतीस वर्षं पॉवरलूमवर साड्या विणतोय. खोलीत चार माग एकदम चालले की शेजारच्या माणसाचं बोलणं ओठ बघून ओळखावं लागतं. कारखान्यांच्या नियमात आठ तासांना ९० डेसिबल ही आवाजाची हद्द आहे. चालत्या मागांपाशी आवाज त्याच्या वर जातो. यानं कान जातात ते वरच्या पट्टीकडून जातात. बारीक, टोकदार आवाज आधी नाहीसे होतात. बांधावरच्या बाभळीत भारद्वाज घुमतो, तो मला आजही छातीत ऐकू येतो. खरं, शिंपी, सूर्यपक्षी, टिबुकली यांची चोच हललेली तेवढी दिसते. पक्षी बघणारे निम्मं काम कानानं करतात, आवाज आला की तिकडं वळतात. माझं सगळंच डोळ्यांवर आलं, आणि डोळ्यांवर चष्मा आहे.

आता तळ्याचं. रात्रपाळी सुटली की मी सायकल काढून येळ्ळूर रस्त्याला लागतो. घरं संपतात, भाताचं शिवार लागतं, पावसाळ्यात बासमतीचा वास येतो तो पट्टा. तिथून आत वळलं की तळं आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं घरटी असतात आणि नाव छापलं की रविवारी मोटारसायकली बांधावर चढतात. तळं लहान आहे, फेरी मारायला मला पंचवीस मिनिटं लागतात. खोली किती म्हणाल, तर म्हशी मधोमध उभ्या राहतात आणि पाठ कोरडी असते. एप्रिलात काठाला घोट्याएवढं पाणी उरतं.

याच उथळपणावर तिथलं सगळं जगतं. ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून तळाशी पाणवनस्पती उगवतात. हळदी-कुंकू बदक शेपूट वर करून मान बुडवतं, त्याची मान पोचेल एवढंच पाणी त्याला चालतं. तांबड्या लांब पायांचा शेकाट्या गुडघ्याएवढ्या पाण्यात, तुतवार नुसत्या चिखलात, बगळा दोन्हींच्या मधे. ज्याचे पाय जेवढे, तेवढ्या पाण्यात तो. धरणाच्या खोल पाण्याकडं बघितलं तर पाणकावळ्यांपलीकडं फार कुणी दिसत नाही, याचं कारण हेच. म्हणून तळ्याचं 'सुशोभीकरण' म्हणून सगळीकडं सारखं खणून, काठाला उभी दगडी भिंत बांधली की माझ्या पोटात गोळा येतो. पाणी दिसायला भरपूर होतं. खरं, उभं राहायला जागा कुणालाच उरत नाही.

दुर्बीण निवडायची ती अशा जागेसाठी. मी ते उलट केलं होतं. आधी जागा न बघता आकडा बघितला.

तीन वर्षांपूर्वी पहिली घेतली ती २०×५०. 'वीसपट जवळ' असं खोक्यावर मोठ्या अक्षरात होतं. कुणाकडून घेतली ते लिहीत नाही. ती डोळ्याला लावली की तळं थरथरायचं. दुर्बीण पक्ष्याला वीसपट मोठं करते तशी हाताच्या कापण्यालाही वीसपट मोठं करते, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. शिवाय त्यातून दिसणारा तुकडा एवढा अरुंद, की पाणकणसात हललेलं पाखरू दुर्बिणीत सापडेपर्यंत उडून गेलेलं असायचं. आणि सकाळी नऊ वाजून गेले की आणखी एक त्रास. उथळ पाणी आणि ओला चिखल लवकर तापतो, वरची हवा लहरायला लागते. जेवढं जास्त जवळ आणाल तेवढ्या त्या लाटा मोठ्या दिसतात. वीसपटीतून शेकाट्याचे पाय उकळत्या पाण्यात दिसावेत तसे दिसायचे. वर्षभरानं तिच्या दोन नळ्या एकमेकींपासून जराशा सरकल्या आणि एकाचे दोन दिसायला लागले. डोकं दुखायचं. ती मी ठेवून दिली.

ही दुसरी ८×४२. भिशी लागली त्यातनं साडेअकरा हजार दिले. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच मापाची आणि याच बनावटीची दुर्बीण बऱ्याच कंपन्या काढतात. मापं समजली की तुम्हाला नावाची गरज पडणार नाही.

पहिला आकडा आठ म्हणजे किती पट जवळ ते. दुसरा बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठनं भागा, ५.२५ येतात. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडं केली की मागच्या भिंगात जो उजेडाचा ठिपका दिसतो, त्याची ही रुंदी. डोळ्याची बाहुली पहाटेच्या अंधुकात मोठी होते, त्या वेळी एवढा ठिपका तिला पुरतो. १०×४२ मध्ये तोच ४.२ होतो, म्हणजे दिवस उगवायच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं ती दुर्बीण जरा काळवंडलेली दिसते. माझ्यासाठी तीच वेळ सोन्याची, कारण मी पाळीवरून थेट येतो. तो ठिपका पूर्ण गोल आहे का हेही बघा. कडा कापल्यासारख्या, चौकोनी-राखाडी दिसत असतील तर आतलं प्रिझम हलक्या काचेचं, बीके-७ चं असण्याची शक्यता जास्त. माझ्यात त्याहून चांगली काच, बीएके-४ आहे, ठिपका चांगला वाटोळा.

आठपटीमुळं दिसणारा पट्टाही रुंद मिळतो. हजार मीटरवर सुमारे १३० मीटर. तळ्याच्या भाषेत सांगायचं तर समोरच्या काठावरचा पाणकणसाचा अख्खा बेट एका नजरेत बसतो आणि त्यात कुठंही हललं तरी कळतं. ज्याला आवाजावरून दिशा कळत नाही त्याच्यासाठी हा रुंद पट्टा जवळपास कानाचंच काम करतो. हे मी कुठल्या दुकानदाराकडून ऐकलं नव्हतं. वापरून कळलं.

आता चष्मेवाल्यांनी नीट वाचावं. 'आय रिलीफ' नावाचं एक माप पत्रकात असतं. मागच्या भिंगापासून डोळा किती लांब असला तरी पूर्ण वर्तुळ दिसतं, ते अंतर. चष्मा लावून बघणाऱ्याला ते साधारण १६ मिलिमीटर तरी हवं. माझ्या पहिल्या दुर्बिणीत ते इतकं कमी होतं, की चष्मा लावून बघितलं तर बिळातून बघितल्यासारखं आणि चष्मा काढला तर वर बघताना दुनिया पुसट. हिच्यात १७ आहे. डोळ्याकडची रबरी कडी पिळून खाली बसवायची, चष्मा त्यावर टेकवायचा, झालं. बिनचष्म्याचा माणूस असला की तीच कडी पिळून वर घ्यायची. ही एक गोष्ट सोडून बाकी सगळं कमी असतं तरी मी हीच घेतली असती.

दोन डोळ्यांचा नंबर सारखा नसतो, त्यासाठी उजव्या नळीवर एक वेगळं कडं असतं. बऱ्याच जणांना ते कशासाठी आहे हे माहीतच नसतं आणि मग 'दुर्बीण पुसट आहे' म्हणून परत करतात. उजवं डोळं झाकून मधलं चाक फिरवा, डाव्याला बारीक फांदी धारदार दिसली की थांबा. मग डावं झाकून तीच फांदी त्या कड्यानं उजव्याला धारदार करा. एकदाच. पुढं फक्त मधलं चाक.

सगळं ज्यानं फिटलं त्या सकाळचं सांगतो. गेल्या पावसाळ्याची गोष्ट, श्रावणातली. जलपर्णी आणि कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालत होता, तो काशाच्या रंगाच्या पंखांचा. त्याची बोटं एवढी लांब असतात की वजन वाटलं जातं आणि पान बुडत नाही. तो थांबला, जरा दबला आणि पुन्हा उभा राहिला. मला त्याच्या पंखाखालून जास्तीचे पाय लोंबताना दिसले. दोन्ही बाजूंना. आधी वाटलं पानाचे देठ अडकलेत. मी कोपरं बांधाच्या दगडावर टेकवली, श्वास धरला. पाय हलत होते. पिल्लांना त्यानं दोन्ही पंखांखाली काखेत उचललं होतं आणि नुसते पाय बाहेर राहिले होते. तो नर होता. या पक्ष्यांत अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडंच असतं, मादी दुसऱ्या नरासाठी पुन्हा अंडी घालते. मधे एक घार फिरत होती, ती लांब गेल्यावर त्यानं पंख सैल केले आणि तीन पिल्लं कापसाच्या बोंडासारखी पानावर सांडली.

शेजारी म्हशीवाला उभा होता. त्याची घरची भाषा कन्नड, माझ्याशी मराठी बोलतो. "काय दिसालंय मामा, एवढं दम धरून बघालाय?" म्हणाला. मी दुर्बीण दिली. त्यानं बराच वेळ बघितलं आणि काही न बोलता परत दिली. दुसऱ्या दिवसापासून म्हशी त्या कोपऱ्यातून पाण्यात घालायचं त्यानं बंद केलं, वळसा घालून पलीकडून न्यायला लागला. मी सांगितलेलं नव्हतं. खंड्याला तो मिंचुळ्ळी म्हणतो, पांढऱ्या बगळ्यांना बेळ्ळक्की. त्याच्याकडून मी ही नावं घेतली, माझ्याकडून त्यानं टिबुकली आणि वारकरी घेतलं. कपाळाला पांढरा टिळा लावलेला काळा पक्षी, म्हणून वारकरी, हे सांगितल्यावर त्याला फार पटलं.

दोषही सांगतो. आहेत.

पांढऱ्या वस्तूच्या कडेला उजेडाविरुद्ध जांभळी किनार दिसते. हे तळ्यावर बगळा उडताना जाणवतं. नक्की किती, हे तपासायला मी किल्ला तलावावर गेलो. तिथला ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ २०१८ साली उभारलाय, त्याच्यासारखी दुसरी तपासणीची जागा बेळगावात नाही. भर दुपारी, मागं पांढरं आभाळ, लांबून स्तंभाच्या कडेकडं बघितलं. मधोमध धरला तर किनार नाममात्र, वर्तुळाच्या कडेला नेला की जांभळ्या दोऱ्यासारखी स्पष्ट. महागड्या दुर्बिणींत 'ईडी' काच घालून हे कमी करतात. साडेअकरा हजारांत मला ते सोसतं, कारण पक्षी मी मधोमधच धरतो.

वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. सोबत आलेला गळ्यातला पट्टा अरुंद होता, तासाभरात मान धरायची. पाळीत आठ तास वाकून काम केलेल्या माणसाला हे जड जातं. मी घरीच सुती पट्टी विणून घेतली, चार बोटं रुंद, दोन्ही खांद्यांवरून पाठीवर फुली होईल अशी. तेव्हापासून मानेवर भारच येत नाही. विकतही असला पट्टा मिळतो, घेऊन टाका, मागं-पुढं बघू नका.

पुढच्या भिंगांची रबरी झाकणं सैल होती. एक तळ्यात पडलं ते गेलंच. दुसरं दोरीनं बांधून ठेवलंय.

आणि पुसायचं. इथं मी माझ्या धंद्यातलं सांगतो. मऊ दिसतं म्हणून धोतराच्या, लुंगीच्या, जुन्या पातळाच्या तुकड्यानं भिंग पुसू नका. सुती कापडात तूस असते आणि त्या तुसात बारीक धूळ अडकून राहते. मागाच्या खोलीत आम्ही रोज ती झाडतो. भिंगावर पातळ लेप असतो, त्याच्यावर ती धूळ घासली की कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उठतात. आधी रबरी फुग्यानं फुंकर मारायची, मग मऊ ब्रशनं हलकं झाडायचं, शेवटी सोबत मिळालेलं मायक्रोफायबर कापड. त्याचा धागा सुतापेक्षा कितीतरी बारीक असतो, तो तेल उचलतो. ते कापड वेगळं धुवा, साबणात दुसऱ्या कपड्यांबरोबर टाकू नका.

बेळगावचा पाऊस हा हिचा खरा शत्रू. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या घरात भिंतीला ओल येते, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, भिंगावर का येणार नाही? माझ्या पहिल्या दुर्बिणीच्या आत झाडाच्या मुळांसारखी बुरशी पसरली होती. एका ठिकाणी साफ करायला दिली तर परत आली ती आतून बोटांचे ठसे घेऊन आणि दोन नळ्या आणखी वाकड्या होऊन. या दुसरीत हवेच्या जागी नायट्रोजन भरून नळ्या बंद केलेल्या आहेत, त्यामुळं आतून धुकं धरत नाही. गेल्या जुलैत तळ्यावर पावसात भिजली, घरी आणून नुसती पुसली, काही झालं नाही. तरी मी ती कातडी पिशवीत ठेवत नाही. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर ठेवून पुन्हा कोरड्या करायच्या. डबा कपाटात, देवघराजवळ नको, तिथं कापूर-उदबत्तीचा धूर बसतो.

हिवाळ्यात ही घेऊन मी मागडीला जाऊन आलो. गदग जिल्ह्यातलं तळं, २०२४ साली रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. हुबळीमार्गे गेलो, मुक्काम केला. पट्टकदंब बघायचे होते. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येणारे हे हंस, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. कन्नडमध्ये हेब्बातु. माझ्या घराच्या माळ्यावरून राजहंसगड दिसतो, लहानपणापासून नाव ऐकतोय, हंस मात्र तोपर्यंत कधी बघितला नव्हता. पहाटे ते शेतांतून चरून परत पाण्यावर उतरत होते. थव्याच्या थवा वर्तुळात मावत होता, आणि थांबून एका डोक्यावर नजर रोखली तर दोन्ही पट्टे वेगळे मोजता येत होते. तिथं एकाकडं तिपाईवरची मोठी एकनळी दुर्बीण होती, त्यानं मला त्यातून दाखवलं. लांबचं बसलेलं बघायला ती निश्चित वरचढ. खरं, थवा उठला तेव्हा तो तिपाई फिरवत राहिला आणि मी शेवटच्या हंसापर्यंत बघितलं. तेव्हा मागडीसारखं मोठं पाणी आणि बसलेले पक्षी हेच तुमचं मुख्य असेल तर तिपाईचा विचार करा. गावाकडच्या तळ्याला ही पुरते.

घरच्यांचं एक राहिलं. या दुर्बिणीवर एवढे पैसे घातले म्हणून आमच्या मंडळींना सुरुवातीला राग होता, आणि तो रास्त होता, त्या महिन्यात सुताची बाकी थकली होती. नोव्हेंबरात एकदा तिला सायकलवर मागं बसवून नेलं. भुवई बदकं आली होती. तिनं बघितली. मग बांधावर बसल्या बसल्या म्हणाली, "तिकडं कोण तरी बारीक खिंकाळालंय बघा." मला काहीच ऐकू येत नव्हतं. तिनं बोट केलं, मी दुर्बीण बोटाच्या रेषेत धरली. टिबुकली. चोच उघडी, गळा थरथरतोय. एकतीस वर्षांत तो आवाज माझ्यापर्यंत आला नव्हता. त्या दिवशी तो निघतो कुठून हे तरी दिसलं. आता रविवारी ती येते. ती ऐकते, हात करते, मी शोधतो, मग दुर्बीण तिच्याकडं. दोघांच्या डोळ्यांमधलं अंतर वेगळं आहे, त्यामुळं दर वेळी नळ्या मधून जरा वाकवून घ्याव्या लागतात, ती बिजागरी चौदा महिन्यांत सैल झालेली नाही हेही नोंदवतो.

घ्यायला जाल तेव्हा दुकानाच्या आत बघू नका. दारात या, लांबच्या तारेवर बसलेला कावळा धरा. चष्मा असेल तर चष्मा लावूनच. पूर्ण वर्तुळ दिसतंय का, काळी सावली सरकत नाही ना, एकाचे दोन होत नाहीत ना, आणि पाच मिनिटं सलग बघून डोळा खेचत नाही ना, एवढं तपासा. दुकानदार दहापटीची, बारापटीची पुढं करेल. आठपटीचीच मागा.